कोतरात बंद पडणारी जीप

धनाजीराव इंगळ्यांच्या गॅरेजात एक रीत होती. गाडीतला जो भाग काढला तो वर्तमानपत्राच्या कागदात बांधायचा, वर पेन्सिलीनं गाडीचा नंबर घालायचा आणि पुडी गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची. मग तो झिजलेला पॉइंट असो, फुटकं वायसर असो, नाहीतर चिमूटभर कचरा असो. बडोद्याच्या रावपुऱ्यातले लोक हसायचे. "धनाजीकाका दात पाडतात आणि दात हातात देतात," असं कुणीतरी म्हणून ठेवलं होतं. त्यावर धनाजीराव म्हणत, "दात बघितला नाही तर दुखरा पाडला का शेजारचा, हे तुला कळायचं कसं?"

रीत त्यांची नव्हे, बापाची. बाप संस्थानच्या पागेत होता. घोडी कमी झाली, मोटारी वाढल्या, तसा पागेतनं मोटारखान्यात आला. पुढं संस्थान गेलं, मुंबई राज्य आलं, मग गुजरात झालं. इंगळ्यांची भावकी हुशार. कुणी बँकेत चिकटलं, कुणी अहमदाबादेला कचेरीत गेलं, कुणी शाळेत मास्तर झालं. सगळ्या खानदानात एकट्या धनाजीरावांची नखं काळी राहिली. लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारचा चुलतभाऊ आधी त्यांच्या हाताकडं बघायचा, मग पानाकडं. धनाजीरावांना त्याचं काही नव्हतं. उलट ते त्याच हातानं जिलबी उचलून त्याच्या ताटात वाढायचे.

माणूस तसा घुमा. गाडी झाली का विचारलं तर "बघू". उद्या मिळेल का, तर "बघू". पण एकदा "झाली" म्हणाले की झाली, अशी पंचवीस वर्षांची ख्याती. त्या ख्यातीला ब्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका जीपनं भोक पाडलं.

जीप डॉक्टरीण निरुपमाबाई कर्णिकांची. बाई सरकारी नोकरीतून मोकळ्या झाल्या आणि घरी बसून कंटाळण्यापेक्षा दर गुरुवारी औषधांच्या पेट्या घेऊन मही नदीकाठच्या गावांना जायला लागल्या. शहराबाहेर बाजव्याच्या पुढं डांबर संपलं की कोतरं लागतात. पाण्यानं कोरलेल्या मातीच्या घळी, एकीत उतरावं आणि दुसरीतनं वर निघावं. तिथं साधी मोटार जात नाही. म्हणून लष्कराच्या लिलावातली ही जुनी जीप. पेट्रोलवर चालणारी, छपराला ताडपत्री, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. ड्रायव्हर लक्ष्मण पढियार हा त्याच कोतरातल्या भाथीपुऱ्याचा. तो म्हणायचा, "काका, बाकी बधा पेट्रोल पुरावे, हुं एना उपर बेसूं." सगळे पेट्रोल भरतात, मी त्याच्यावर बसतो.

या जीपला रोग असा लागला, की बडोद्यात ती शहाण्यासारखी चालायची आणि कोतरात गेली की मरायची. आधी दोन आचके द्यायची, मग गप्प. लक्ष्मण खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, बिडी ओढायचा. अर्ध्या तासानं चावी फिरवली की काही झालंच नाही अशी सुरू. कधी दोन गुरुवार नीट जायचे, कधी एका दिवसात तीनदा बंद.

धनाजीरावांनी पहिल्यांदा ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. पुडी बांधून दिली. पुढच्या गुरुवारी जीप बंद. मग तापून बसत असेल म्हणून कॉइल बदलली. पुडी दिली. तरी बंद. मग कार्बोरेटर खोलून प्रत्येक भोक फुंकून साफ केलं, इंजिनाकडं पेट्रोल ओढणाऱ्या पंपात नवा पडदा घातला, उन्हानं नळीत वाफ धरत असेल म्हणून पंपावर ओलं फडकं गुंडाळायला सांगितलं. तिसरी पुडी. त्या गुरुवारी जीप भाथीपुऱ्याच्या चढणीवर अशी बसली, की निरुपमाबाई औषधाची पेटी लक्ष्मणच्या डोक्यावर देऊन तीन मैल पायी गेल्या. बासष्ट वर्षांची बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचे थोरले भाऊ अरविंदराव गॅरेजात आले. आयुष्यभर सरकारी फायली वाचलेला माणूस. मागं लक्ष्मण, खाली मान घालून. अरविंदरावांनी पिशवीतून तीन पुड्या काढल्या आणि बाकावर ओळीनं मांडल्या.

"इंगळे, तीन पुड्या. तीनदा बरी झाली, तीनदा बंद पडली. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे दोष गाडीत नाही."

धनाजीरावांनी हातातला बोळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"गावात बंद पडत नाही. निरूला घेऊन शहरात फिरते तेव्हा पडत नाही. ह्या महाशयांच्या मुलखात गेली की पडते. पेट्रोल काढून विकायचं आणि वर घासलेट घालून माप पुरं करायचं. मी महिन्याभरापासून टाकी भरणं बंद केलंय. जाण्यायेण्यापुरतं मोजून देतो. तर बघा, बंद पडणं वाढलं. कारण आता काढलेलं लपत नाही."

लक्ष्मणनं मान वर केली. "काका, मी काय केलं नाय. माझ्या पोरांच्या सोगन."

"पोरांना मध्ये आणू नकोस," अरविंदराव म्हणाले. आवाज चढवला नाही. तो माणूस आवाज चढवणाऱ्यातला नव्हताच. "इंगळे, तुम्ही एवढंच सांगा. पेट्रोलात भेसळ आहे की नाही. तुमच्या शब्दावर निरूचा विश्वास आहे. मी दुसरा ड्रायव्हर बघून ठेवलाय."

म्हणजे लक्ष्मणची भाकरी धनाजीरावांच्या जिभेवर आणून ठेवली होती. आणि खरं सांगायचं तर, हो म्हणणं फार सोपं होतं. भेसळ म्हटलं की तीन पुड्यांचा ठपका धुतला जात होता. गाडी बरोबर, मिस्त्री बरोबर, ड्रायव्हर चोर. धनाजीरावांच्या मनात हे आलं नाही असं नाही. आलं. दोन घटका बसलंही.

मग त्यांनी ड्रॉवरमधून टीपकागद काढला. जीपच्या टाकीत काडी बुडवून पेट्रोलचा एक थेंब त्यावर टाकला. शेजारी स्टोव्हमधल्या घासलेटाचा एक थेंब. आणि कागद उन्हात ठेवून त्यावर नट ठेवला.

"बसा. चहा घ्या."

"हे काय?"

"जबानी चालू आहे," धनाजीराव म्हणाले.

चहा निम्मा होईतो पेट्रोलचा थेंब उडून गेला. कागद कोरा, डाग नाही. घासलेटाचा थेंब मात्र तेलकट ठिपका धरून बसला होता. धनाजीरावांनी कागद अरविंदरावांपुढं केला. त्यांनी चष्मा लावून तो सरकारी हुकूम वाचावा तसा वाचला.

"म्हणजे घासलेट नाही. मग नुसतं काढून विकतो. टाकी रिकामी झाली की गाडी बंद."

"रिकामी टाकी अर्ध्या तासानं आपोआप भरती का, साहेब?"

अरविंदरावांनी टीपकागद परत दिला. पण फाइल बंद केली नाही. "मग काय आहे ते तुम्ही शोधा. बुधवारपर्यंत. तोवर चावी रोज संध्याकाळी माझ्याकडे."

लक्ष्मणनं तिथंच चावी काढून बाकावर ठेवली. चार वर्षं ती चावी त्याच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात असायची. दोरा गळ्यातच राहिला.

सोमवारी धनाजीराव चावी मागून आणून लक्ष्मणला घेऊन स्वतः निघाले. "एरवी बंद पडते तशी चालव," एवढंच म्हणाले. बाजवा मागं पडलं, रिफायनरीच्या चिमण्या मागं पडल्या, रस्ता मातीला लागला. लक्ष्मण एरवी बडबड्या. त्या दिवशी गिअर तेवढे बदलत राहिला. धनाजीराव डोळे मिटून इंजिन ऐकत होते. बाप घोड्याच्या छातीला कान लावायचा, तसं.

पहिल्या कोतरात काही नाही. दुसऱ्यात नाही. भाथीपुऱ्याच्या चढणीवर जीप नाक वर करून निघाली, मध्यावर आली, आणि दोन आचके देऊन थांबली.

"ठेव ब्रेक. बिडी ओढू नको."

"नेहमी ओढतो."

"म्हणून तर तीन महिने कळलं नाही."

धनाजीराव उडी टाकून बॉनेटखाली शिरले. आजवर जीप त्यांच्याकडं यायची ती सुरू होऊन. मेलेली त्यांनी आज पहिल्यांदा बघितली. प्लगची वायर काढून ठिणगी बघितली, कडक निळी. म्हणजे विजेचा दोष नाही, पहिल्या दोन पुड्या फुकट. मग पंपाची काचेची वाटी बघितली. कोरडी. वाटीत पेट्रोल नाही आणि टाकीत आहे. मध्ये फक्त एक नळी.

त्यांनी पंपाच्या अंगाची नळी सोडली, तोंडात धरली आणि टाकीकडं फुंकर मारली. आधी भिंतीत फुंकल्यासारखं झालं, गाल फुगले, डोळे बाहेर आले. मग एकदम वाट मोकळी झाली आणि सीटखालच्या टाकीत गुडगुड वाजलं. नळी जोडली. लक्ष्मणनं चावी फिरवली. दुसऱ्या फेरीला जीप सुरू.

धनाजीराव पेट्रोल थुंकत रस्त्याच्या कडेला बसले. थुंकता थुंकता हसलेही थोडे. "टाकीत काहीतरी आहे. इंजिन ओढतं तसं ते येऊन नळीच्या तोंडाला चिकटतं. इंजिन मेलं की ओढ संपली, ते सुटून खाली पडतं. तू बिडी ओढतोस तोवर वाट मोकळी."

"आणि गावात?"

"गावात टाकी हिंदकळत नाही. पडून राहत असेल कोपऱ्यात. भरलेल्या टाकीत ते कमीच फिरत असणार. साहेबांनी मोजून घालायला सुरुवात केली, तसं तळाला जास्तच नाचायला लागलं."

लक्ष्मणला आनंद व्हायला हवा होता. तो जीपच्या मडगार्डला टेकून उभा राहिला. "काका, टांकीमां शूं हशे? टाकीत काय असेल?"

"बघू."

"काय पण निघू दे. अरविंदकाका म्हणतील, यानं नळी घालून पेट्रोल काढलं तेव्हा पडलं. तुम्ही बघा. काय पण निघालं तरी माझ्याच नावावर."

धनाजीरावांनी विचार केला आणि त्यांना ते खोटं वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी गॅरेजात ते एकटेच होते. लक्ष्मणला अरविंदरावांनी निकाल लागेपर्यंत येऊ नको म्हणून सांगितलं होतं. धनाजीरावांनी सीट काढली, टाकीचे पट्टे सोडले, टाकी उचलून बादलीवर उपडी केली. बादलीच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं. पेट्रोल धारेनं आलं, मग थेंबानं. थोडा गंज आला. नंतर टाकी हलवली तर आत काहीतरी ओलं सरकल्यासारखं झालं. तिरकी केली, झटका दिला, आणि फडक्यावर ते पडलं.

पान होतं. तपकिरी पडलेलं, चामड्यासारखं झालेलं, पण आकार तसाच. बैलाच्या खुरासारखं मधून दुभंगलेलं. आपट्याचं.

धनाजीराव पालथ्या बादलीवर बसले.

त्याचं असं होतं. त्यांचा बाप पागेत होता तेव्हा दसऱ्याला प्रत्येक घोड्याच्या ओठाला आपट्याचं पान लावायचा. माणसं एकमेकांना सोनं देतात, जनावरानं काय घोडं मारलंय, असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मोटारखान्यात आला तेव्हा त्यानं बघितलं, मोटारीला तोंड कुठं? तर पेट्रोल पिते ते. तेव्हापासून टाकीचं झाकण उघडायचं, पान कडेला टेकवायचं आणि मग काचेपुढं ठेवायचं. इंगळ्यांच्या गॅरेजात दसऱ्याला जी गाडी उभी असेल तिला हा मान. उभ्या बडोद्यात दुसरं कुणी हे करत नव्हतं. भाथीपुऱ्यात तर दसऱ्याला हे पान कुणी तोडतही नाही.

यंदाच्या दसऱ्याला जीप ब्रेकच्या कामाला इथंच उभी होती. धनाजीरावांना लख्ख आठवलं. झाकण उघडलं, पान तोंडाच्या कडेवर ठेवलं, तेवढ्यात समोरच्या दुकानातले घड्याळवाले सोनं घेऊन आले. मिठी मारली, पेढा खाल्ला, त्यांच्या मुलाच्या लग्नाचं बोलले. परत वळले तर कडेवर पान नव्हतं. वाऱ्यानं उडालं असेल म्हणून झाकण लावलं. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही.

दुपारी ते जेवायला घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या घरी गेले. दुर्गाबाईंनी वाढलं. भाकरी चौथ्यांदा त्याच वाटीत बुडवताना बघून त्या म्हणाल्या, "आमटी संपली त्यातली. काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. पानासकट.

दुर्गाबाईंनी पातेल्यातली आमटी वाटीत वाढली. मग म्हणाल्या, "कचरा होता म्हणा. खोटं कुठं आहे? पडलेलं पान म्हणजे कचराच."

"आणि कचरा गेला कसा, असं विचारलं तर?"

"तुम्हांला काय ठाऊक म्हणा. मिस्त्री गाडीतलं काढतो, कुणी घातलं ते सांगत बसतो का?"

"पुडी मागतील."

"मग नका देऊ एकदा पुडी. आभाळ कोसळतंय का? तीनदा त्या बाईकडून कामाचे पैसे घेतलेत. आता जाऊन सांगणार, का घाण मीच केली होती? उद्यापासून गॅरेजात कुत्रं येईल?"

बाईचं चुकत होतं असं नाही. धनाजीरावांना नेमकी तीच भीती होती. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांच्या हातात लोकांचे दोष बांधून दिले होते. आपला बांधून द्यायची पाळी कधी आली नव्हती.

त्यांनी हात धुतले. दुर्गाबाईंनी फडकं पुढं केलं आणि म्हणाल्या, "जाणारच असाल तर सदरा बदला. आणि पुडी चांगल्या कागदात बांधा. कालच्या भजीचा नको."

संध्याकाळी निरुपमाबाईंच्या ओटीवर बाई खुर्चीत, अरविंदराव झोपाळ्यावर. लक्ष्मणला धनाजीरावांनीच निरोप धाडला होता. तो पायरीवर उभा होता, आत येत नव्हता.

"काय निघालं?" बाईंनी विचारलं.

धनाजीरावांनी पुडी दिली. वर पेन्सिलीनं जीपचा नंबर. बाईंनी उलगडली, बघितलं, आणि भावाकडं सरकवली. अरविंदरावांनी ते पान चष्म्याजवळ नेलं, उलटंपालटं केलं, वास घेतला.

"आपटा? टाकीत?" त्यांनी पायरीकडं बघितलं. "नळी घालताना..."

"नळीबरोबर आपटा जात नाही साहेब," धनाजीराव म्हणाले. "मी घातला. दसऱ्याला."

आणि सगळं सांगितलं. बापाचं, घोड्याचं, घड्याळवाल्यांचं, पेढ्याचं. सांगताना ते बाईंकडं बघत नव्हते. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तिन्ही वेळचे परत देतो. लक्ष्मणचा काही दोष नाही. टाकीत एक थेंब घासलेट नव्हतं."

झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती.

निरुपमाबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माझ्या गाडीला सोनं भरवलंत आणि मी तीन मैल चालले."

"हो."

"गुडघे अजून दुखतात माझे, धनाजीराव."

"हो बाई."

"परत काही देऊ नका. तो पडदा तसाही गेला होता, तुम्हीच दाखवलात." मग त्या भावाकडं वळल्या. "दादा, चावी."

अरविंदरावांनी खिशातून चावी काढली. ते तत्त्वाचे, आणि मानीही. नोकरीत कुणाची माफी मागायची पाळी आली तर लेखी मागायचे. ते उठले, पायरीपर्यंत गेले आणि चावी लक्ष्मणपुढं धरली. "उद्या टाकी पूर्ण भरून आण," म्हणाले. "काठोकाठ." त्यांच्याकडून तेवढंच निघालं.

लक्ष्मणनं चावी घेतली. दोऱ्यात ओवली. "जी" म्हणाला. हसला नाही.

धनाजीरावांना तो गॅरेजापर्यंत सोडायला आला, सायकल हातात धरून, पायी. रावपुऱ्याचा टॉवर आला. धनाजीरावांना वाटलं, याला काहीतरी बोलावं.

शेवटी लक्ष्मणच म्हणाला, "काका, तीन आठवडे गावात लोक मला विचारायचे, केटलामां आपे छे? पेट्रोल केवढ्याला देतो? माझा सासरासुद्धा."

"मी येतो भाथीपुऱ्याला. सांगतो सासऱ्याला."

"या." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "पान घेऊन या. नायतर खरं नाय वाटणार कुणाला."

त्या गुरुवारी धनाजीराव जीपमध्ये बसून गेले. चढण एका दमात चढली. सासऱ्यानं पान बघितलं, पोरांनी बघितलं, गावातल्या बायांनी बघितलं. एक म्हातारी म्हणाली, सोनं म्हणता तर वितळलं कसं नाही. तोवर धनाजीरावांचे कान लाल झाले होते. सासऱ्यानं त्यांना ताक पाजलं आणि आपल्या बंद पडलेल्या पाण्याच्या पंपापाशी नेलं. "बघू," धनाजीराव म्हणाले.

दुर्गाबाई म्हणाल्या होत्या तसं काही झालं नाही. कुत्रं आलं, माणसंही आली. फक्त रावपुऱ्यात नवा टोमणा सुरू झाला. गाडी गॅरेजात लावताना लोक विचारायचे, "काका, हिला जेवायला घालणार नाही ना?"

पुढच्या दसऱ्याला जीपला काही काम नव्हतं, तरी लक्ष्मण ती धुऊन, झेंडूची माळ घालून घेऊन आला. धनाजीरावांनी हत्यारांची पूजा केली, चाकांना कुंकू लावलं आणि आपट्याचं पान उचलून टाकीपाशी आले. लक्ष्मणनं झाकण उघडलं, पण हात काढला नाही. अख्खा पंजा टाकीच्या तोंडावर पालथा ठेवला.

"लावा," म्हणाला. "इथनं लावा."

धनाजीरावांनी पान त्याच्या पंजाच्या पाठीला टेकवलं आणि काचेपुढं नेऊन ठेवलं. ते चार पावलं लांब गेले, तेव्हा लक्ष्मणनं हात काढला आणि झाकण दोन्ही हातांनी आवळलं.